पराङ्मुखीची दृश्यसंख्या

३ फेब्रुवारी, सोमवार

सोलापुरात सुखरूप दाखल झालो. बावन्नाव्या वर्षी वार्ताहराची बदली होते, म्हणजे आपण अजून निवृत्त झालेलो नाही याची वृत्तपत्राला आठवण आहे. ही सातवी बदली. पुस्तकांची खोकी मी आता सोडतच नाही, एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवतो.

खोली अशोक चौकाजवळ. शेजारी यंत्रमाग, सकाळी सहापासून खटखट. घरमालकीण सुंदरम्मा घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी आणि नळाशी दोन्ही. पाणी कधी येते असे विचारले, तर म्हणाल्या, रोज येत नाही, पण येतं की. इतके समाधानकारक उत्तर मला कोणत्याही सरकारी कचेरीत मिळालेले नाही. जेवायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरीने दातांची परीक्षा घेतली, चटणीने डोळ्यांची. दोन्हींत काठावर उत्तीर्ण.

संध्याकाळी पुण्याहून अंकिताचा फोन. पत्नी मालती गेल्याला तीन वर्षे झाली. तेव्हापासून लेक रोज विचारते, बाबा जेवलात का. मी हो म्हणतो. तिचा विश्वास बसत नाही. मग दोघेही समाधानाने फोन ठेवतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

कचेरीत युवराज भेटला. आमचा छायाचित्रकार, चाळिशीचा, गुटगुटीत. मी संस्कृत घेऊन एम. ए. झालो हे कळल्यावर पाच मिनिटांत माझे नाव शास्त्रीबुवा पडले. त्याहून मोठा योगायोग म्हणजे मला जडलेले व्यसन त्यालाही आहे. ऑनलाइन नकाशावर कुणीही स्वयंसेवकाने कुठल्याही ठिकाणाचा फोटो चढवावा. तो किती वेळा पाहिला गेला याचा आकडा खाली दिसतो. सहा वर्षांत मी सहाशे बारा फोटो चढवले आहेत.

युवराजने मोहोळच्या पुढे हमरस्त्यावरच्या एका टपरीतल्या भज्यांचा फोटो टाकला होता. एक्क्याऐंशी हजार वेळा पाहिला गेला. माझ्या यादवकालीन द्वारशाखेला, म्हणजे देवळाच्या कोरीव दारचौकटीला, त्रेचाळीस, त्यातले तीस वेळा मीच. युवराज म्हणाला, शास्त्रीबुवा, लोकांना भूक लागते, द्वारशाखा लागत न्हाय. दर रविवारी दोघांचे आकडे शेजारी शेजारी लिहायचे ठरले. या रोजनिशीच्या मागच्या पानांवर तक्ता आखला आहे. आयुष्यात काहीतरी वाढताना पाहायला बरे वाटते.

९ फेब्रुवारी, रविवार

मैंदर्गीच्या बाजारावर मजकूर हवा होता. युवराजच्या मोटारसायकलवरून गेलो. परतताना त्याने शेतांमधली वाट धरली. एका माळावर, वाटेपासून वीसेक पावलांवर, पुरुषभर उंचीची शिळा. स्त्रीची पाठमोरी आकृती, अंबाडा, मान आणि खांद्यावरून घेतलेला पदर. घडवणाऱ्याचा हात फार चांगला. कान दिसत नाही. केस मानेपर्यंत उतरले आहेत. पुढे जाऊन चेहरा पाहावा, तर पुढची बाजू दाट बाभळीत गेलेली.

तिथे गौरम्मा नावाची म्हातारी मेंढरे घेऊन चालली होती. शिळेच्या बाजूने तिने पदर डोळ्यावर ओढून घेतला होता. मागून एक बैलगाडी गेली, तर बैलाच्या त्या बाजूच्या डोळ्यावर फडके. मी फोन वर केला तशी म्हातारी कानडीत ओरडली, नोडबेडा. मग माझे शहरी तोंड पाहून मराठीत म्हणाली, बघू नगा की यप्पा, तिला कुनी बघत न्हाई हितं. मी आदरपूर्वक मान डोलावली आणि फोटो घेतला. प्रथांचा आदर करत करत त्या मोडणे हा पत्रकारितेचा पायाच आहे.

रात्री नकाशावर चढवला. ठिकाणाला नाव लागते. तिथे कुणी नाव घेत नसल्यामुळे मीच ठेवले : पराङ्मुखी. तोंड फिरवून उभी असलेली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आठवड्यात दोनशे चौदा. इतर सहाशे बारा फोटोंनी मिळून एकोणीस. युवराज म्हणाला, नाव अवघड ठेवलं की लोकं घाबरून उघडतात वाटतं. तक्ता लिहिताना मी पहिल्यांदाच त्याच्याकडे कनवाळूपणे पाहिले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सहाशे नव्वद. रविवारची वाट पाहवत नाही. दिवसातून चार-पाचदा पाहतो. आकडा पाहायचा तर फोटो उघडावा लागतो, आणि उघडला की तोही एक धरला जातो. म्हणजे मोजणाराच आकडा फुगवतो. गंमत वाटली.

युवराजने फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, कान मस्त आलाय, त्यातली कुडीसुद्धा दिसतीय.

९ तारखेची नोंद काढून वाचली. माझ्याच अक्षरात आहे, कान दिसत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फोनमधला मूळ फोटो पाहिला. त्यातही कान आहे. बावन्नाव्या वर्षी चष्म्यातूनही नजर दगा देते, अशी स्वतःची समजूत घातली. तक्त्यात आणखी एक रकाना आखला : किती दिसते.

२३ फेब्रुवारी, रविवार

एक हजार चारशे तीस. गालाचे हाड दिसते. युवराजला दाखवले. त्याने फोटो मिटून फोन उलटा ठेवला. मग म्हणाला, शास्त्रीबुवा, काढून टाका हो. त्या वाटेनं पोरं शाळेला जातात. त्याने तक्त्याचे पान माझ्याकडे परत सरकवले आणि त्यानंतर भज्यांचा विषय काढला नाही.

काढायला हवा होता. एक-दोन दिवसांत दोन हजार होतील असे वाटले. दोन हजार झाले की काढू.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

माळावरचा दगड रोज शेकडो वेळा कोण पाहते, हे कोडे सुटले. जेवलात का हे विचारून झाल्यावर अंकिता हसत म्हणाली, बाबा, रागवू नका, तुमचा तो दगड मीच वर नेतेय. आकडा वाढला की तुमचा आवाज बदलतो. आई असताना जसा असायचा, तसा होतो. म्हणून ऑफिसच्या बसमध्ये, जेवताना, झोपण्याआधी ती उघडत राहते. पहिल्या आठवड्यात मैत्रिणींनाही उघडायला लावले, त्या कंटाळल्या.

 मग मी विचारले, अजून उघडतेस? ती म्हणाली, आता मुद्दाम नाही उघडत. हात जातो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

फोटो काढून टाकला. शेवटचा आकडा तीन हजार एकशे चाळीस. पापणीचे टोक दिसत होते. मिटलेली.

अंकिताला कळवले. ती म्हणाली, हरकत नाही, मी आधीच माझ्या फोनमध्ये उतरवून घेतलाय.

तो पुसून टाक म्हणालो. का, असे विचारले तिने. मी पुन्हा तेच म्हणालो, पुसून टाक.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गौरम्माला शोधून काढले. तिने आधी माझे हात पाहिले, फोन आहे का म्हणून. मग सांगितले. बघितलं की ती वळते, जरा जरा. पुरी वळली की ज्यानं सगळ्यात जास्त बघितलंय, त्याच्याकडं बघते. एकालाच. गौरम्माची थोरली बहीण बसव्वा लहानपणी मेंढरे सोडून तिथेच खेळायची. एका दुपारी बसलेली सापडली. जिवंत होती, डोळे उघडे होते. आईला ओळखेना, भाकरी हातात दिली तर भाकरी म्हणजे काय ते कळेना. तशीच अकरा वर्षं. गौरम्मा म्हणाली, आत कुनी न्हाई ओ, घर उघडं अन् मानसं गेलेली.

मी विचारले, ती वळायची थांबते का. न्हाई. मग दुसऱ्या कुणाकडे वळवता येते का, असे विचारले.

म्हातारीने माझ्याकडे नीट पाहिले. मुलगी की मुलगा, एवढेच विचारले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

हिशेब केला. तीन हजार एकशे चाळीसमधून मैत्रिणींचे व युवराजचे तीनशे. माझे फार तर साडेचारशे. उरले ते तिचे. दोन हजार तीनशे नव्वद. शिवाय उतरवून घेतल्यापासूनचे, ते मोजायला काही नाही.

सहा वर्षांत मी युवराजसारख्या कितीजणांशी आकड्यांची स्पर्धा लावली. आता लेकीच्या पुढे जायचे आहे.

१ मार्च, शनिवार

अंकिताने पुसला नाही. रडत होती. म्हणाली, बाबा, बाजूने अगदी आईसारखी दिसते, तुम्हाला दिसत नाही का. थोडीच राहिलीय वळायची.

मालतीचा गाल तसा नव्हता. मी तो सव्वीस वर्षे पाहिला आहे. तसा नव्हता —

मी विनवले, निदान दोन दिवस उघडू नकोस. बरं म्हणाली. बोलता बोलता मधेच गप्प झाली. पाहत होती.

२ मार्च, रविवार

काल दुपारपासून फोनवर पाहतो आहे. मिटायचा, उघडायचा, मोजणीची एक काडी वहीत ओढायची. तक्त्याची सगळी पाने काड्यांनी भरली. एक हजार आठशे. पापणी उघडू लागली आहे. फोन गरम होऊन बंद पडला. असे जमणार नाही. समोर जाऊन बसायला हवे. डोळा मिटून उघडला की एक, असे धरतो.

अंकिताला सांगितले, बातमीसाठी उजनीकडे जातो आहे, फोन लागणार नाही. युवराजला खरे सांगितले. त्याने मोटारसायकलची किल्ली काढून दिली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, पाणी घ्या संगं, ऊन लई हाय.

३ मार्च, सोमवार. माळावर, सकाळी दहा

बाभळी कोयत्याने तोडून पुढून बसलो आहे. कागदाकडे न पाहता लिहितो, ओळी एकमेकींवर चढत असतील. तीन-चतुर्थांश चेहरा. मालतीसारखा नाही. कुणासारखाच नाही. बुबुळे अजून माझ्याकडे नाहीत. माझ्या डावीकडे, वायव्येला — पुण्याकडे —

बारा

दोन हजार नऊशे. काड्या वहीच्या पुठ्ठ्यावर. डोळ्यांतून पाणी. मेंढरांचा आवाज लांबून गेला, कुणी थांबले नाही.

दुपार

तीन हजार पाचशे. बुबुळे हलली. माझ्याकडे येताहेत, हळूहळू — आणखी थोडे —

जेवलो का ते आठवत नाही. कुणीतरी रोज विचारायचे. नाव — अंकिता. अंकिता. लिहून ठेवतो. अंकिता.

मागे दुसरी मोटारसायकल थांबली. युवराजने सांगितले वाटते अंकिताला. पुण्याहून सकाळच्या गाडीने आली असणार. चपला. बाबा म्हणते आहे. मी वळत नाही. ओरडून सांगितले, डोळे मीट, मागे फिर. ती ऐकत नाही, आईवर गेली आहे. मग निदान दगडाकडे पाठ कर म्हणालो, फक्त माझ्याकडे बघ.

शहाणी पोर. केली पाठ. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आहे. तिच्या खांद्यावरून मला शिळा दिसते, सुटत नाही. जवळजवळ आलीच नजर माझ्यावर, आणखी दहा-बारा — अंकिता माझे तोंड पुसते आहे, म्हणते फक्त तुमच्याकडेच बघतेय बाबा, घरी चला — म्हणते तुमच्या चष्म्यात मागचं सगळं स्वच्छ दि