बत्तीस सेकंदांचा चेलो

४ मार्च
शिंप्याच्या सीनचं संगीत लिहून झालं एकदाचं! म्हातारा कायमचं दुकान बंद करतो — शटर खाली येतं आणि एकटा चेलो सुरू होतो. तब्बल बत्तीस सेकंद. वाजवणार आमचे बाबा! वाद्यवृंदात छत्तीस वर्षं झाली, एकट्याने वाजवायची वेळ कधी आली नाही. पुढच्या महिन्यात निवृत्त. स्वरलेखनाची पानं हातात दिली तर म्हणाले, "वशिल्याने लागलो म्हणायचं!" तेव्हापासून दार लावून सराव चाललाय.

७ मार्च
एडिटरचा फोन. "ताई, किरकोळ बदल केलाय. शिंप्याचे फक्त अकरा सेकंद काढले." किरकोळ म्हणे! माझं शटर आता चेलोच्या आधीची बासरी ऐन रंगात असताना पडतं. दिवसभर बसून सगळं आवळलं. चेलोला मात्र हात लावला नाही. चाळीस वादकांची पानं नव्याने छापली.

८ मार्च
मोठ्या तोऱ्यात त्याला कळवलं, बसवलं सगळं! तर म्हणतो, "ताई, तुमचं जुनं संगीत ऐकलं आणि कापायला जीवच होईना. अकरा सेकंद परत जोडले." हसावं की डोकं आपटावं! भांडायला तोंड उघडलं आणि दोघंही हसत सुटलो. जुनी पानं परत वर, नवी रद्दीत.

१० मार्च
"ताई, फक्त चार सेकंद —" फोन ठेवून दिला. चार सेकंद बासरीचे गेले.

१२ मार्च
रेकॉर्डिंग! बाबा नवा शर्ट घालून हजर. पहिल्यांदा बाबांनी मध्येच गज उचलून घेतला. दुसऱ्यांदा — काय सांगू! सगळा हॉल श्वास रोखून ऐकत होता. संपल्यावर वादकांनी गजांनी स्टँडवर टकटक केली. ती त्यांची शाबासकी. बाबा कानापर्यंत लाल. मला इतका आनंद झाला की पुढचं गाणं कुठलं तेच विसरले. दिग्दर्शक काचेमागे डोळे पुसत होते. एडिटरने शपथ घेतली — आता एक फ्रेमही हलणार नाही.
घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, "मधला एक सूर जरा उतरलाच."

२ एप्रिल
पहिला खेळ. बाबा शेजारी. शटर खाली आलं. शिंप्याने कुलूप लावलं, ओढून पाहिलं, निघाला. नुसता पावलांचा आवाज. माझे डोळे भरून आले; बाबा रुमाल शोधत होते. पुढचा सीन सुरू झाल्यावर लक्षात आलं — चेलो वाजलाच नाही! एकही फ्रेम न हलवता त्यांनी चेलोच काढून टाकला होता. आणि आम्हा दोघांनाही त्याची आठवण झाली नव्हती.