दीपगृहातला खून आणि माझा शांत स्वभाव

४ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून राग बंद. कायमचा. मुळात मी शांतच माणूस. लोक भरीला पाडतात. शाळेतलं डस्टर प्रकरण तसलंच. डस्टर फळ्याकडेच निघालं होतं, मुख्याध्यापक मधे आले. पण जग टाके मोजतं, हेतू कोण बघतो? इतिहासाचा असा मास्तर त्या शाळेला पुन्हा मिळायचा नाही. आता या बेटावर दीपगृहाची टूर देतो, तूर्त तात्पुरता.

बायको काल म्हणाली की यापुढे कुणावरही हात उगारलात तर मी भावाच्या बोटीत बसून जाईन, ती परत येणार नाही. गमतीने म्हणाली. हसली मात्र नाही. तिचा विनोद कोरडाच असतो.

४ नोव्हेंबर, दुपार
मेव्हण्याशी किरकोळ चर्चा. या बेटावर येणारी एकमेव बोट त्याची. पर्यटक आणतो तो, आणि येता येता त्यांना बुडालेल्या नवरीच्या भुताची गोष्ट सांगतो. म्हणजे लोक धक्क्यावर उतरून माझ्या दीपगृहापर्यंत येईतो त्यांची भीती खर्च झालेली. मी त्याला शांतपणे समजावलं. समजावताना हातात वल्हं होतं. त्याने मान स्वतःहून वळवली. टेंगूळ लिंबाएवढं.

हिला सांगितलं, बोट हलली. हिने भावाकडे पाहिलं. तोही म्हणाला, बोट हलली. दोन साक्षीदार म्हणजे पुरावा पक्का.

७ नोव्हेंबर
माझ्या टूरवर लोक जांभया देतात. भिंग, तेलाचे दिवे, दिवा फिरवणारं घड्याळी यंत्र, सगळं मी तपशिलात सांगतो. टूरमध्ये सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: टॉयलेट कुठे?

दोष माझा नाही, इतिहासाचा आहे. या दीपगृहात काही घडलेलंच नाही. दोन माणसं राहत होती. एक मुख्य दिवेवाला, म्हणजे हिचे आजोबा. दुसरा त्यांचा मदतनीस. रोज संध्याकाळी दिवा लावायचे, सकाळी विझवायचे. यात कोण घाबरणार?

लोकांना रक्त हवं. रक्ताशिवाय इतिहास अळणी. मदतनीस नोकरी सोडून गेला म्हणतात. गेला की घालवला? जिथे माहिती नाही तिथे तर्क करायचा अधिकार इतिहासकाराला असतो. माझा तर्क: कुऱ्हाड.

८ नोव्हेंबर
सरपणाच्या खोलीत खरी कुऱ्हाड सापडली! दांडा जरा डुगडुगतो. पाचर मारायला हवी. उद्या.

हिला कल्पना सांगितली. म्हणाली, कोंबडी कापायची वेळ आली की आजोबा घरातून निघून जायचे. मी म्हटलं, भावना वेगळी, इतिहास वेगळा. म्हणाली, ते माझे आजोबा आहेत. मी म्हटलं, होते. त्यानंतर भांडी बराच वेळ मोठ्याने वाजत होती. मी एक शब्द बोललो नाही. फक्त एक बशी भिंतीला लागली. निसटली.

१२ नोव्हेंबर
पहिली रक्तरंजित टूर. हिट!

पोत्यात पेंढा भरून मदतनीस केला. बिटाच्या रसाची पिशवी पोटात. शर्ट दोरीवरचा घातला, तो निघाला मेव्हण्याचा. योगायोग. 'मीठ जास्त झालं' म्हणून दिवेवाल्याचं डोकं फिरतं, तो कुऱ्हाड उचलतो, आणि खच्च. खरं तर एका घावात काम होतं. लोकांनी वन्स मोअर दिला.

नंतर फार हलकं वाटलं. जेवणही छान गेलं. गाढ झोपलो. डॉक्टरांनी असं काहीतरी लिहून द्यायला हवं.

पाचर राहिली. उद्या.

१६ नोव्हेंबर
खुनात सुधारणा केली. आता मुंडकं जिन्यावरून गडगडत खाली येतं. दोन पोरं किंचाळली, एका बाईंना उलटी झाली. उत्तम फीडबॅक.

मेव्हण्याने शर्ट ओळखला. विचारलं, दाजी, हा मी आहे का? मी म्हटलं, हा इतिहास आहे. पुढची चर्चा मोकळेपणाने झाली. माझा ओठ फाटला, त्याचा कान सुजला. शर्ट तर आधीच फाटलेला होता.

ही तो शर्ट मांडीवर घेऊन बसली होती. कॉलरपाशी कुऱ्हाडीने चिंध्या झालेल्या. म्हणाली, रोज माझ्या आजोबांच्या हातून माझा भाऊ कापून घेता आणि वर टाळ्या घेता. मी म्हटलं, नाट्य आहे. तिने विचारलं, घाव घालताना डोळ्यांपुढे कुणाचं तोंड येतं? मी म्हटलं, कुणाचंच नाही.

फक्त इथे लिहितो: मुख्याध्यापकांचं. कधीकधी मेव्हण्याचं. मंगळवारी त्या टॉयलेट विचारणाऱ्या माणसाचं.

२१ नोव्हेंबर
दाढ गेली. खालची, उजवीकडची.

टूरमध्ये एक बाई होत्या, रुंद खांद्यांच्या, मुलींना पोहायला शिकवतात. खून संपल्यावर पुढे आल्या. म्हणाल्या, तुम्ही ज्याचं मुंडकं गडगडवलंत ते माझे आजोबा. म्हातारे होऊन घरच्या पलंगावर गेले. सूप प्याले, माझा हात हातात घेतला आणि गेले. नोकरी सोडल्यावरही दर वर्षी इथे दिवेवाल्याला भेटायला यायचे. दोघं पत्त्यांवरून भांडायचे आणि निघताना दोघंही रडायचे.

मी संयमाने समजावलं की नातेवाइकांची साक्ष इतिहासात धरत नाहीत. खून झालेल्यांच्या घरचे पुष्कळदा सत्य स्वीकारत नाहीत. त्यांनी मला पुन्हा म्हणायला सांगितलं. मी पुन्हा म्हटलं.

मी उलट हात उगारला नाही, याची नोंद व्हावी. आडवा होतो. आडव्यानेच उरलेले मुद्दे मांडले. राग बंदचा प्रयोग कमालीचा यशस्वी. त्या वळल्यावर फक्त बादलीला लाथ मारली. बादली जिन्यावरून गेली आणि वाटेत टूरमधल्या एका गृहस्थांच्या नडगीला भेटली. जिना उभं राहायची जागा नव्हे.

संध्याकाळी ही आणि त्या बाई स्वयंपाकघरात चहा पीत बसल्या होत्या. दोघी रडत होत्या. यांना रडायला काय झालं? दाढ माझी गेली.

बाहेर आलो तर हिची ट्रंक पलंगाखालून काढलेली. ऊन दाखवत असावी.

२५ नोव्हेंबर
फोन आला! दीपगृह कमिटी २९ला येणार. कायमचा व्यवस्थापक नेमायचाय. राहायची खोली त्याच माणसाला. म्हणजे मलाच. दुसरं आहे कोण?

ही आज जवळ येऊन बसली. म्हणाली, त्या एका दिवशी, माझ्यासाठी, हात खिशात ठेवा. त्या दिवशी जमलं तर मी ट्रंक आत ठेवते. माझ्या बाहीला धरून म्हणाली. लग्नानंतर सुरुवातीला अशी बाही धरायची.

मी शब्द दिला. ही गेली तर मला या बेटावर एक दिवस काढवणार नाही. हे तिला सांगायला हवं होतं. सांगेन, कमिटी गेल्यावर.

२७ नोव्हेंबर
हात खिशात ठेवायची प्रॅक्टिस. चहा पिताना अडचण येते.

कमिटीसाठी खून वरच्या मजल्यावर, भल्यामोठ्या भिंगाच्या खोलीत करणार. मेलेल्या मदतनिसाचं भूत तिथे उभं राहील. भुताला पायघोळ झगा हवा. काचांच्या आतून जुने जाड पडदे आहेत, ते काढले. हिचा आरडाओरडा. आजोबा रोज दिवा विझवला की पहिले ते पडदे ओढायचे, म्हणायचे, भिंगाला सूर्य दाखवायचा नाही. मी विचारलं, का? कारण तिलाही ठाऊक नाही. म्हणजे अंधश्रद्धा. नजरबिजर लागत असेल.

त्या भिंगावर आजोबा कुणाला साधा श्वास सोडू द्यायचे नाहीत, म्हणाली. मी सोडून पाहिला. काही होत नाही.

झगा झकास झाला. आतला शर्ट या वेळी माझाच. घरातले बाकीचे हिने कुलपात ठेवलेत.

२९ नोव्हेंबर, सकाळ
कालपर्यंतचं मळभ गेलं. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख. शुभशकुन. हात खिशात. कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवलीय. पाचर राहिली, पण आता वेळ नाही.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळ
झालं ते तटस्थपणे लिहितो.

कमिटी मेव्हण्याच्या बोटीतून भर दुपारी आली. अध्यक्षबाई, एक इंजिनियर आणि एक फोटो काढणारा. मेव्हण्यासकट वर चढले. मी अप्रतिम बोलत होतो. हात खिशात. मिठाच्या भांडणापाशी आलो आणि अध्यक्षबाई म्हणाल्या, जळका वास येतोय. पाहतो तर भुताच्या छातीतून धूर निघतोय. मी म्हटलं, इफेक्ट आहे. मला वाटलं, मेव्हण्याने माझ्यासाठी केलं. क्षणभर भरून आलं.

मग जाळ झाला.

इंजिनियर ओरडला, पडदे कुणी काढले? अहो, एवढं भिंग उन्हात उघडं ठेवलं की सगळं ऊन एका ठिकाणी गोळा होतं आणि पेटतं, म्हणून तर दिवसा पडदे ओढायचे! हे त्याने आधी सांगायला हवं होतं. मला त्या क्षणी एकच दिसत होतं: कोपऱ्यात मेव्हणा, त्याच्या हातात काडेपेटी. आता कळतंय की तो बिडी शिलगावायच्या बेतात होता. तेव्हा वाटलं, यानेच पेटवलं, माझी नोकरी जाळायला.

हात खिशातून निघाले. मी काढले नाहीत.

कुऱ्हाड उचलली. मेव्हणा खाली बसला. पातं दांड्यातून सुटलं आणि त्याच्या डोक्यावरून थेट भिंगात.

काच एकदम पडली नाही. पडत राहिली. मला वाटलं संपलं, तर आणखी एक तुकडा पडायचा.

ही चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ओरडली नाही. ट्रे खाली ठेवला, गुडघ्यांवर बसली आणि तुकडे ओंजळीत गोळा करायला लागली. बोटं कापली. मी म्हटलं, राहू दे, हात कापतोय. तिने वर पाहिलंच नाही.

मेव्हण्याने पाणी ओतून आग विझवली, मग माझं नाक फोडलं. क्रम त्याने बरोबर ठेवला, एवढं मान्य.

पातं एक वीत खाली गेलं असतं तर? हा विचार मी करत नाही. सारखा करत नाही.

३० नोव्हेंबर
ही गेली. ट्रंक मेव्हण्याने उचलली. मी मदत करायला पुढे झालो तर तो एक पाऊल मागे सरकला. मार खायला कधी न घाबरलेला माणूस.

जाताना माझ्या दाढेच्या गोळ्या टेबलावर ठेवून गेली. पुडीवर वेळा लिहिल्यात. म्हणजे काळजी आहे. म्हणजे परत येणार. बांगडीएवढा काचेचा एक तुकडा मात्र रुमालात बांधून नेला.

तिला सांगायचं होतं ते राहिलं. बोटीचं इंजिन फार मोठ्याने वाजतं.

११ डिसेंबर
कमिटीने व्यवस्थापक नेमला. हिला. त्या पोहणाऱ्या बाईंनी शिफारस केली म्हणे. ही बेटावर आली आणि मी बेट सोडलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली घेतलीय. तात्पुरती.

विचार केला तर हा माझाच विजय. घरातच राहिलं पद. ती बोलावेल. माझ्याशिवाय टूर सांगणार काय? खून तर मीच केलेला.

दुकानदाराशी ओळख झाली. हातोडीच्या आवाजावरून थोडी चर्चा. त्याच्याकडे हातोडी होती, म्हणून मी थोडक्यात आवरलं.

२० डिसेंबर
तिच्या टूरला गेलो. तिच्या चुका दाखवून द्याव्यात म्हणून. टोपी, मफलर, काळा चष्मा. मेव्हण्याने ओळखलं, बोलला नाही, इंजिनापाशी बसवलं. बुडालेल्या नवरीची गोष्ट त्याने आज सांगितली नाही.

वर पडदे नवे लावलेत. मोडक्या भिंगापुढे उभी राहून ती बोलली. आवाज न चढवता. म्हणाली, इथे दोन माणसं राहत होती. रोज भांडायची. मिठावरून, पत्त्यांवरून, यंत्राला चावी द्यायची पाळी कुणाची यावरून. वादळात आठवडा आठवडा बोट यायची नाही, धान्य संपायचं, एकमेकांचं तोंड बघवायचं नाही. तरी एकाने दुसऱ्याला बोट लावलं नाही. मदतनीस नोकरी सोडून गेला त्या दिवशी आजोबांनी भर दुपारी पडदे उघडून दिवा लावला होता, त्याची बोट दिसेनाशी होईपर्यंत. बस, एवढाच इथला इतिहास. भूत नाही, खून नाही.

कुणी जांभई दिली नाही. टॉयलेटही कुणी विचारलं नाही. अभ्यास नसताना हे कसं जमतं, कळत नाही.

मग एकाने विचारलं, भिंग कशाने फुटलं? ती म्हणाली, एवढ्या वर्षांत इथे माणसावर कुऱ्हाड एकदाच उगारली गेली. माझ्या नवऱ्याने, माझ्या भावावर. सगळे गप्प. माझ्या टूरला एवढी शांतता कधी झाली नव्हती. लोक खरोखर घाबरले होते.

कुणीतरी विचारलं, आता कुठे असतो तो? तिने माझ्याकडे पाहिलं. सरळ, चष्म्याच्या आत. म्हणाली, माहीत नाही.

माझ्या शेजारच्या बाई माझ्याकडे सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, असल्या माणसाबरोबर ही इतकी वर्षं राहिली तरी कशी हो?

मी म्हटलं, मलाही तेच कळत नाही.