झाकलेला सिलिंडर

नूरू, सलाम. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहून भांडते. गॅसचा सिलिंडर विणलेलं झाकण घालून पाहुण्यांसाठी ठेवलाय, आणि अम्मी अजून चुलीवरच भाकऱ्या भाजते?

वीज-इंधनातून निघणारा कार्बनचा धूर कोणत्या देशाने किती घटवला, त्याचा तक्ता माझी एमान इथे शारजात शाळेसाठी करतेय. आपल्या घरी गॅस आला म्हटल्यावर म्हणाली, "ममा, दॅट्स प्रोग्रेस." झाकणाचं मी तिला सांगितलं नाही.

फुंकणीसाठी आपण दोघं भांडायचो, आठवतं? धुराचा वास लागलेली ती पहिली भाकरी मला इथे रोज आठवते. पण फोनवर अम्मीचा खोकलाही ऐकू येतो.

झाकण काढ, शेगडी पेटव. खोकला किती घटला, ते पुढच्या जुम्म्यापर्यंत कळव.

तुझी आपा,
बदरुन्निसा