बेबाबाईच्या भाकरी आणि माझा पहिला नंबर

१ जुलै १९९१, सकाळी ६.१०
धुळे. टी.वाय.चं अर्थशास्त्र स्पेशल सुरू. संकल्प: पाचला उठणे (उद्यापासून) आणि वर्गात पहिला येणे. खोलीत नवा पार्टनर, सोनगीरचा लोटन. पायात टायरची चप्पल. धोका शून्य.

१२ जुलै
मेसची भाजी म्हणजे नुसतं पाणी. लोटनचा डबा रोज सकाळी सोनगीरच्या एस.टी.ने येतो. त्याची आई बेबाबाई कंडक्टरकडे देते, हा स्टँडवरून घेऊन येतो. तूप लावलेली ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत. "खाय ना भाऊ," म्हणाला. त्याचं मन मोडू नये म्हणून एक खाल्ली.

२६ जुलै
मेस बंद केली. डबा आता मोठा येतो. मी चार खातो, लोटन दोन. त्याला भूकच कमी.

५ ऑगस्ट
भामरे सर प्रत्येक नियमाआधी "इतर परिस्थिती कायम असता" लिहायला लावतात. मी गाळतो. शाई फुकट. आज जाहीर झालं: सहामाहीत जो पहिला, तो जळगावच्या परिसंवादात निबंध वाचणार. म्हणजे मीच. लगेच पाचोऱ्याला वडिलांना कार्ड टाकलं. नाना सगळी गल्ली घेऊन ऐकायला येणार.

१४ ऑगस्ट
चाचणीत लोटन ४१, मी १९. त्याचं अक्षर मोठं आहे, म्हणून. शिवाय हल्ली भाकरीला तूप नसतं. विचारलं तर म्हणे, ज्वारी महागली. तूप बंद करायला बेबाबाईंनी निदान परीक्षेपर्यंत तरी थांबायचं.

२० ऑगस्ट
आज गिफेनचा विरोधाभास. गरिबाचं मुख्य धान्य महागलं तर तो ते उलट जास्तच घेतो, कारण बाकीचं परवडत नाही. कोणाला पटेना. लोटन उठला, "सर, मनी माय तसंच करस. ज्वारी महागनी तरी पहिलेपेक्षा जास्ती लेस. तूप बंद." सरांनी खाली येऊन त्याची पाठ थोपटली! माझ्या पाठीला काय काटे आहेत? अंगाची नुसती आग झाली. मलाही हे सुचणारच होतं. त्या भाकरी त्याच्यापेक्षा मीच जास्त जवळून पाहिल्यात.

१० ऑक्टोबर
लोटन डबा आणायला गेला तेव्हा त्याची वही उघडली. ही चोरी नव्हे. खोली निम्मी माझी, तर वहीही निम्मी माझीच. गिफेनचं उत्तर अक्षर न अक्षर पाठ.

२२ ऑक्टोबर
सहामाहीत गिफेन आला! सगळं उतरवलं. जळगावला निळा शर्ट घालावा की पांढरा?

२८ नोव्हेंबर
सरांनी माझं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. मी उभा राहिलो, छाती पुढे. "माझी आई बेबाबाई सोनगीरला राहते..." इथे सर थांबले. म्हणाले, रुपचंद, तुझी आई पाचोऱ्याची प्रमिलाबाई ना? मी म्हणालो, उदाहरण काल्पनिक आहे. वर्ग बाकांवर पडून हसला. तेवढ्यात लोटन उठला, "सर, हाऊ बी मनी मायनाच हातनं खास. तिना पोऱ्याच शे." म्हणजे मीही तिचाच मुलगा! मग हसू थांबलं. हा माणूस मला एकदा तरी धडपणे हेवा करू देईल का? तो पहिला. मी अकरावा. वर्ग तेरा जणांचा.

७ डिसेंबर, सकाळी १०
लोटन सरांबरोबर जळगावला, गिफेनवर निबंध वाचायला. नानांना कळवायचं राहिलं. गल्लीसकट गेले असतील आणि त्यालाच टाळ्या वाजवतील.

म्हटलं, डबा कुठला आज. तरी सहज स्टँडवर गेलो. कंडक्टरने डबा दिला, वर बेबाबाईचा निरोप: "चार भाकरी खानारा पोऱ्यानं पोट भरस का? त्यानाकरता जास्तीनी ज्वारी लेस मी, म्हनीसन तूप जमस नही."

तिथेच बाकावर बसलो. म्हणजे ज्वारी महागली म्हणून जास्त घेतलीच नाही! माझ्यासाठी घेतली! इतर परिस्थिती कायम नव्हती. लोटनचं उदाहरण साफ चूक, त्याचा पहिला नंबर चूक, जळगावचा निबंधही चूक! सोमवारी पहिल्याच तासाला सरांना सांगतो.

फक्त, ती इतर परिस्थिती कोण, हेही सांगावं लागेल.

१०.४०
डबा उघडला. लोटन जळगावला गेलाय हे तिला माहीत होतं. चारच भाकरी. त्याच्या दोन वाचल्या म्हणून असेल, आज तूप होतं.