एक रिंग म्हणजे पोचलो

२२ जुलै
चूल पेटवली होती, कोंबड्यांना दाणे टाकले होते आणि मिल्काओ, म्हणजे बटाट्याच्या जाड भाकऱ्या, थापायचे म्हणून बटाटे किसायला घेतले होते. आठला माझ्या नवऱ्याची, बेलार्मिनोची रिंग यायची. एक रिंग म्हणजे होडी पोचली. दोन म्हणजे उशीर होईल. तीन म्हणजे काहीतरी झालंय. उचलायचं कधीच नाही, उचललं की पैसे जातात. आठ वाजले, नऊ वाजले. मी म्हटलं, रेंज नसेल. बाराला चार शेजारी दारात आले, टोप्या हातात घेऊन. तोवर मी किसतच होते. एवढे बटाटे तीन माणसांना लागत नाहीत.

सहा वर्षं झाली. आज आठवलं ते फोन कंपनीचं पत्रक आलं म्हणून. १० ऑगस्टपासून दुसरी आणि तिसरी पिढी बंद. माझा बटणांचा फोन दुसऱ्या पिढीचा. भीती वगैरे वाटत नाही. पत्रक चार वेळा वाचलं, ते नीट समजावं म्हणून.

२५ जुलै
लेकीच्या, एदितच्या शाळेच्या जुन्या पुस्तकातला लहरींचा धडा वाचून काढला. समजला. पहिल्या पिढीत नुसता आवाज, दुसरीत अक्षरं, तिसरीत चित्रं, चौथीत सिनेमा. पाचवीत म्हणे यंत्रंच एकमेकांशी बोलतात. सहावी वाटेवर आहे. नवी आली की जुनीला घराबाहेर काढते.
निश्चय: २९ तारखेला शहरात, कास्त्रोला जाऊन नवा फोन आणायचा. घाबरून नाही, वेळेवर म्हणून.

२९ जुलै
पाऊस. गेले नाही. आमच्या बेटावर पाऊस रोजचाच, पण आजचा वेगळा होता.
एदित मात्र गेली. सॅल्मन माशांच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांवर कामाला आहे, बाप गेला त्याच पाण्यातून जाते. आठला एक रिंग आली. मग चहा घेतला.

२ ऑगस्ट
आज रिंग आठ वाजून सहा मिनिटांनी. सहा मिनिटांत माणसाच्या मनात काय काय येतं ते लिहीत नाही.
शेजारची नोल्बेर्ता म्हणाली, अगं, टॉवर लोखंडाचा आहे, तो कुठे उठून जातोय! पटलं. अशा धमक्या कंपन्या देतच असतात. जाता जाता म्हणाली, का गं, नवऱ्याच्या रिंगची वाट बघतेस अजून? मी म्हटलं, तुझी जीभ किसणीवर धर एकदा. या फोनची बॅटरी पाच दिवस टिकते, म्हणून ठेवलाय.

६ ऑगस्ट
एदितनेच नवा फोन आणला. नंबरही नवा. म्हणाली, आई, आता तुमची एक रिंग, दोन रिंग बंद. कॉल फुकट आहेत. वाजला की उचलायचा, बोट असं सरकवायचं. मी म्हटलं, हे काय अवघड! दोनदा सरकवलं. दोनदा माझ्या नाकपुड्यांचा फोटो निघाला.
जुना शेजारीच ठेवलाय. सवय, दुसरं काही नाही.

१० ऑगस्ट, सकाळी ८
जुन्या फोनवरच्या रेघा गेल्या. मी शांत आहे.

१० ऑगस्ट, संध्याकाळी ६
सव्वाआठला नवा वाजला. एक. दोन. तीन. थांबेना. मी मोजत राहिले. अकरा. तीनच्या पुढचं आमच्यात कधी ठरलंच नव्हतं. तीनला काहीतरी झालंय, मग अकराला काय? परत वाजला. परत अकरा. बोट सरकवायला नेलं आणि मागे घेतलं. उचलेपर्यंत काही झालेलं नसतं.
बेलार्मिनोचा रेनकोट घातला आणि धक्क्यावर जाऊन उभी राहिले. पाऊस होता. आजचाही वेगळाच.
चारला होडी आली. एदित स्वतःच्या पायांनी उतरली. तिथूनच ओरडली, आई, वेडी का तू? वीस वेळा फोन केला! येताना यीस्ट आणू का, एवढंच विचारायचं होतं!
मग तिने माझ्या अंगावरचा रेनकोट बघितला.
मी म्हटलं, आण.

११ ऑगस्ट
चूल पेटवली. कोंबड्यांना दाणे टाकले. आठला नवा फोन एकदाच वाजला आणि थांबला. बटाटे दोघींपुरतेच किसले. मग जुना फोन चार्जिंगला लावला.