नळ आले की वरचा दाब जातो

५ एप्रिल, रविवार

१. सकाळी बोअरची मोटर लावली. छतावरची टाकी भरून वाहिली.
२. सरकारी नळ आले. आईने अंगणातले पिंप भरायला घेतले.
३. वरच्या न्हाणीतला नळ उघडला. आधी करंगळीएवढी धार, मग दोरा.
४. सरकारी नळ गेले.
५. वरचा नळ पुन्हा उघडला. धार नीट.
६. मध्ये मी कशालाही हात लावलेला नाही.

टाकीत फक्त बोअरचं पाणी. सरकारी पाइप अंगणातच संपतो, छतापर्यंत जात नाही. त्याच्या येण्याजाण्याने वरचा दाब का बदलावा?

वहिनी बाळाला घेऊन १९ ला माहेरून येणार. म्हणजे तसं ठरलं आहे. आज फोनवर म्हणाली, “नणदबाई, पोटाला टाके आहेत माझ्या. खालून बादल्या नेऊन बाळाचे कपडे नाही धुणार. वर सकाळी पाणी असेल तर सांगा.” दादा तिकडेच होता, मागून बोलला, “नसल जमत त सांगून दे. मी गोंदियाले खोली पाहून राहिलो.”

खोली घेतली की तो परत येणार नाही. या घरात एकदा वेगळं झालेलं माणूस परत आलेलं नाही.

मी ‘होईल’ म्हटलं. कशाच्या आधारावर, माहीत नाही.

७ एप्रिल, मंगळवार

ड्यूटीवरून आल्यावर नळाची जाळी काढली. थोडा क्षार साचला होता, लिंबाने घासला. टाकीखालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. संध्याकाळी धार उत्तम. पण संध्याकाळी ती आधीही उत्तमच होती. बिघाड सकाळचा, आणि सकाळी मी प्लांटात.

आई: “तिथं एवढ्या मोठ्या बॉयलरचा दाब समजते तुले, घरच्या नळाचा नाही समजत?”

तिथे दाब दाखवायला गेज असतो. हे तिला सांगितलं नाही.

९ एप्रिल, गुरुवार

सुट्टी टाकून प्लंबरला बोलावलं. गोंदियाहून आला, तोवर सरकारी नळ गेलेले. वरचा नळ जोरात. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, ये तो बढ़िया चल रहा है.”

“सकाळी चालत नाही.”

“तो एअर पकडता होगा. प्रेशर पंप डाल दो, झंझट खतम.”

हवा अडकली तर ती रोज ठरावीक वेळी अडकून ठरावीक वेळी सुटणार नाही. पण पंपाने वहिनीचं काम भागेल, म्हणून हो म्हणणार होते. एवढ्यात बाबा जिन्यातून ओरडले, “पंप-बिंप काही लागत नाही. कायले पाहिजे पंप?”

“वहिनीसाठी.”

“ते मी पाहतो.”

गेल्या वर्षी इन्व्हर्टर आणताना बाबांनी एक शब्द विचारला नव्हता. पंपाला एवढा राग का?

१० एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळी काकू भिंतीवरून. (काकांचं घर म्हणजे याच घराचा मागचा अर्धा भाग. मी शाळेत असताना मध्ये भिंत आली. त्यानंतर बाबा आणि काका एकमेकांशी बोललेले नाहीत. बायका बोलतात. त्याला बोलणं म्हणायचं की टोमणे, अजून ठरलेलं नाही.)

“काय वो इंजिनेरबाई, वरती पाणी नाही म्हणते तुमच्या? आमच्या मागच्या नळाले येऊन पाहा. सकाळी कसा फोर्स राहते!”

आई भांडी घासत होती. “राहू दे तुझा फोर्स तुझ्यापाशी.”

“फोर्स आहे, पण डाळ नाही शिजत वो त्या पाण्यात. समोरच्या नळाच्या पाण्यात शिजते. एकाच सरकारचे दोन नळ, पाहा आता!”

आई हसली. मीही हसले. मग खोलीत आल्यावर हसू गेलं. डाळ न शिजणं म्हणजे जड पाणी. आमच्या बोअरचं पाणी जड आहे.

कदाचित योगायोग.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी चाचणी. गवंड्याकडून पारदर्शक लेव्हल नळी आणली होती, तिचं एक टोक वरच्या नळाला घट्ट बांधून तो नळ उघडा ठेवला, दुसरं गच्चीच्या कठड्याला उभं. पाणी वाहत नसेल तर नळीत ते टाकीच्या पातळीला उभं राहतं. राहिलं. आईला सांगून घरातले बाकी सगळे नळ बंद केले. मोटरही बंद. मग वाट पाहत बसले.

सरकारी नळ आले. नळीतलं पाणी घसरायला लागलं. हातभर, मग त्याच्याही खाली.

घरात दुसरा एकही नळ उघडा नाही आणि टाकीतून पाणी जोरात कुठेतरी जातं आहे. गळती असती तर जमीन ओली दिसली असती. सगळीकडे फिरले. कोरडी.

खाली बाबा मिरचीच्या वाफ्यापाशी वाकलेले. रोज सकाळी नळ आले की ते मिरचीकडे जातात. वाफ्याच्या कडेला एक जुना गंज, म्हणजे मोठं पातेलं, पालथा असतो. ते चहाला आत गेल्यावर मी गंज उचलला. खाली खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व्ह. बंद केला.

लगेच भिंतीपलीकडून काकूचा आवाज: “अगं बाई, मागचा नळ गेला! पिंप अर्धाच राहिला माझा!”

वळले तर मागे बाबा, हातात कप.

“उघड ते.”

“हे कुठे जातं?”

“पहिले उघड.”

उघडला. पलीकडे पिंपात पाणी पडल्याचा आवाज आला. काकू: “आला वो, आला!”

दुपारी बाबा स्वतःहून बोलले. थोडंच. भिंत घातली तेव्हा काकांच्या मागच्या नळाला सरकारी पाइप जोडायचा राहिला. काकांना वाटतं जोडलेला आहे. तो नळ जुन्या पाइपने आमच्याच टाकीवर आहे. सरकारी नळ आले की बाबा व्हॉल्व्ह उघडतात, गेले की बंद करतात.

“सांगितलं का नाही?”

“सांगतलं असतं त त्यानं नळच कापला असता. माझं पाणी पेला असता का तो?”

१३ एप्रिल, सोमवार

बाबांना पुन्हा विचारलं, वर पाणी मिळत नाही हे दिसत असताना व्हॉल्व्ह थोडा कमी का नाही केला?

“शेवटच्या बांधीले पहिले पाणी. तुझ्या आजोबाच्या हाती गावच्या तलावाचं पाणी वाटणं होतं. तोंडाशी ज्याची बांधी, त्याले झिरपूनही भेटते. शेवटच्याले कोण देईल? मागचं घर, तीच शेवटची बांधी.”

आजोबा बरोबर होते. धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, उतरत जातात, पाणी शेवटपर्यंत पोचता पोचता संपतं. पण इथे पाणी छतावरून उतरतं. काकांचा नळ सगळ्यात खाली, म्हणजे तोच तोंडाशी. वरची न्हाणी टाकीच्या जेमतेम खाली, तिला सगळ्यात कमी जोर. वरचा मजला बांधला तेव्हाच शेवटची बांधी तिकडे गेली.

हे सगळं कागदावर काढून दाखवलं. बाबांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

“वरती कशी असल शेवटची बांधी?” म्हणाले आणि उठून गेले.

 माझ्याकडे उत्तर आहे, पण ते त्यांच्या प्रश्नाचं नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

टाकीला वरच्यासाठी वेगळा पाइप काढता येईल. दाब मिळेल, पाणी नाही. उन्हाळ्यात बोअर थांबून थांबून चालतो. काकूचे पिंप भरले की टाकीत थोडंच उरतं. ती भरून यायला दुपार लागते.

पंप लावला तर तो टाकी आणखी लवकर रिकामी करेल, काकांच्या नळातून हवा फुसफुसेल आणि त्यांना कळेल. बाबांचा राग समजला.

व्हॉल्व्ह बंद ठेवला तर वहिनी येईल, दादा राहील, आणि बाबा काकांना देतात ती एकमेव गोष्ट बंद होईल.

तिसरा मार्ग आहे. पाळी. सकाळी वर, दुपारी बोअर भरल्यावर काका. तलावावर हेच करतात. पण पाळी लावायची तर दोघांना बांधावर यावं लागतं. एकाला माहीतच नसताना पाळी लागत नाही.

वहिनीचा फोन आला. “पाहते आहे” म्हटलं.

१५ एप्रिल, बुधवार

आईला विचारलं, तुला माहीत होतं का?

“तू कायले त्या गंजाले हात लावला?” एवढंच.

म्हणजे होतं.

आता एक वेगळीच अडचण. जिभेला जड पाणी लगेच कळतं. काकांच्या समोरच्या नळाला गोडं, मागच्याला जड, इतकी वर्षं. काका अडाणी नाहीत. आज ड्यूटीवरून येताना ते फाटकात उभे होते. सहसा मान वळवतात. आज म्हणाले, “रविवारी मागचा नळ मधातच गेला होता. तुमच्याकडं काही काम काढलं काय?”

सरकारी नळ अर्ध्यात गेला तर कुणी शेजारच्या घराला विचारत नाही.

मी म्हटलं, “नाही.”  “बरं,” ते म्हणाले आणि आत वळले.

त्यांना माहीत असेल आणि त्यांनी नळ कापला नसेल, तर बाबांची भीती खोटी. माहीत नसेल आणि मी सांगितलं, तर ती खरी ठरू शकते. यासाठी माझ्याकडे गेज नाही. नळी लावून पाहता येत नाही.

बाबांना फाटकातलं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का?

१६ एप्रिल, गुरुवार

बाबांशी समोर बोलले की ते उठून जातात. म्हणून चिठ्ठी, गंजाखाली. उद्या नळ आले की गंज उचलतील. प्रत इथे:

बाबा,
व्हॉल्व्हला हात लावलेला नाही. वहिनी रविवारी यायची आहे. सकाळी काकांचा नळ आणि वरची न्हाणी एकत्र चालत नाहीत. पाळी लावली तर दोन्हीकडे पुरेल, पण त्यासाठी काकांना सांगावं लागेल. काकांनी बुधवारी मला फाटकात विचारलं की रविवारी नळ मधेच का गेला. मी काही काम काढलं नाही म्हणून सांगितलं. त्यांना आधीपासून माहीत आहे का, ते मला कळलं नाही. तुम्हाला कळेल.
तुम्ही सांगता, मी सांगू, की कुणीच सांगायचं नाही? वहिनीला मला काहीतरी एक कळवायचं आहे. शनिवारी नळ यायच्या आधी उत्तर द्या.