रस्त्यावरचं खळं

१२ ऑक्टोबर २००१

पाऊस उघडला. आज फेरी मारली नाही. दिवसभर जीपखाली पडून होतो. चार महिन्यांचा चिखल — खुरप्यानं खरवडावा लागला! मग धुतली, जागोजागी ग्रीस भरलं, चारही चाकं खोलून ब्रेकचे लायनर साफ केले. बॅटरीत पाणी टाकलं. वायपरचं रबर काढून ठेवलं, उन्हानं तडकतं ते.

दुसरा जीपवाला साहेबराव रस्त्यावरूनच ओरडला, "बद्रीभाऊ, लगीन लावून राह्यले का जीपीचं?" याच्या जीपचा एक दिवा जूनपासून बंद! अंधार पडला की समोरच्याला वाटतं मोटारसायकल येतेय. सोळा माणसं कोंबतो आणि वर मला हसतो.

मी रोज स्टिअरिंगला हात लावण्याआधी डोळे मिटून विठ्ठलाचं नाव घेतो. पण देव ब्रेक दुरुस्त करत नाही. ते आपलं काम. एवढं साधं कळू नये?

एकच राहिलं — हातब्रेकची वायर तुटलेली आहे. तोवर बायकोनं, गिरिजानं, दिलेली फुटक्या जुन्या जात्याची अर्धी तळी, खालचा दगड, सीटखाली आहेच. चढावर थांबलो की चाकामागे ती लावतो.

१६ ऑक्टोबर

नवीन जालन्यात वायर बसवून घेतली. मिस्त्री म्हणतो, "चाचा, इसके बिना भी चल रही थी ना?" चालत होती! चालतंय म्हणून चालवायचं. अशानंच माणसं मरतात.

परतताना चढावर भरलेली जीप उभी करून पाहिली. तसूभर हलली नाही. बरं वाटलं.

२० ऑक्टोबर

झालं सुरू! हसनाबादच्या अलीकडे, ओढ्याच्या वळणावर, कडेच्या वावरवाल्या सर्जेरावांनी अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन पसरलंय. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चाकांनी मळणी करून घ्यायची. भोवती बाभळीच्या फांद्या लावल्यात. वाळली काडं खाली शाफ्टला गुंडाळतात, सायलेन्सरला लागून पेट घेतात. दाण्यांवर तर ब्रेक लागतच नाही, गाडी सरळ घसरत जाते. आणि जागा कुठली निवडली — वळण!

थांबलो, सांगितलं. चांगलं बोललो.

"मशीनवाला नंबर लागू देईना, बद्रीभाऊ. आभाळ आलं तर समदं काळं पडंन. दोनच दिस."

दोन दिवस! डांबरी सडक काय यांचं वडिलोपार्जित खळं आहे? तोंडावर म्हणालो नाही. इथं लिहून ठेवतो.

२६ ऑक्टोबर. दसरा

जीपची पूजा केली. झेंडूचा हार दिव्यांवर येऊ दिला नाही. साहेबरावानं समोरच्या काचेवर कुंकवाचं ताटाएवढं स्वस्तिक काढलंय, त्यातून डोकावत जालन्याला गेला! चाकाखाली लिंबूही फोडलं त्यानं. त्या चाकाला नक्षीच उरलेली नाही.

सर्जेरावांचे दोन दिवस अजून संपलेले नाहीत.

२९ ऑक्टोबर



दुपारची फेरी, अकरा माणसं. ओढ्याच्या वळणावर मागचं चाक बसलं. बोटभर काटा, बाभळीचा! त्या फांद्यांचाच, काडांत दडलेला. सगळ्यांना उतरवलं. चढाची जागा, आणि जॅक लावल्यावर हातब्रेकचा भरवसा धरू नये, म्हणून चाकाला तळी लावली आणि मग स्टेपनी चढवली. अशी घाईची वेळ असली तरी मी रीत सोडत नाही.

सर्जेराव शेतातून आले आणि हसून म्हणाले, "निघाला का काटा?"

मग माझा तोल गेला. नऊ-दहा दिवसांचं सगळं बोललो. तेही चढले. "तुमच्या एकल्यासाठी रस्ता हाय का? एसटी जाती, ट्रक जाते, कोन्ही काही म्हनत न्हाई. तुमालाच लई कायदा!" माणसं मागून ओरडत होती, एक बाई म्हणाली, "भाऊ, चला ना, माहा दवाखाना बंद होईन." पाना-जॅक आत फेकले, धाडकन दार लावलं आणि निघालो. भोकरदन येईपर्यंत कुठं थांबलो नाही.

एवढ्या वर्षांत रस्त्यावर असा कधी भांडलो नव्हतो. पण चूक माझी नाही.

३० ऑक्टोबर

पुंजाराम गुरुजी पडले. काल दिवेलागणीला, त्याच वळणावर. शाळेतून एम-एटी गाडीवर घरी येत होते. काडं चुकवायला कडेला घेतली आणि चाक धोंड्यावर गेलं. मांडीचं हाड मोडलंय.

गुरुजी आणि मी एका वर्गात शिकलो. मी सातवीला सोडली, ते पुढं शिकले. दर एकादशीला मारुतीच्या पारावर मला पोथीतला अर्थ सांगणारा माणूस!

मी सांगत होतो. मी सांगत होतो ना!

१ नोव्हेंबर

जालन्याला दवाखान्यात गेलो. पाय वर बांधून ठेवलाय. डॉक्टर म्हणतात सळई घालावी लागेल, आणि पाय आखूड राहू शकतो. वहिनी, कौसल्याबाई, उशाशी बसून होत्या.

गुरुजी मलाच धीर देत होते. "धोंडा दिसलाच न्हाई रे, बद्री. चूक माहीबी हाय. दिवा लावायला पाह्यजे व्हता."

मी म्हणालो, ज्यानं धोंडा ठेवला त्याला सोडणार नाही. गुरुजींनी डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं.

३ नोव्हेंबर

मारुतीच्या पारावर गाव जमलं. मी उभा राहिलो. कधी चारचौघांत बोलत नाही, पण आज बोललो. रस्ता रस्त्यासाठी असतो म्हणालो. तुमच्या पोत्याभर सोयाबीनपायी एका माणसाचा पाय गेला म्हणालो. पंधरा दिवस त्याच काडांवरून गाडी घालणारा साहेबरावही मान हलवत होता!

सर्जेराव उठले. "देवाच्या पायरीवर उभा हाव. मी फांद्या लावल्या, धोंडे न्हाई लावले. काटा रुतला म्हनून तर बद्रीभाऊ माह्यासंगं भांडले! मंग धोंडा कुठून आला?"

"तुमच्या वावरातून," मी म्हणालो. "आणि तो गेला कुठं?"

"मीच फेकला बांधावर. गुरुजीला उचलून बैलगाडीत टाकलं, मंग परत येऊन धोंडा काढला. आजून कोन्ही पडू न्हाई म्हनून."

मी म्हणालो, पुरावा लपवला! माणसं हसली. सर्जेराव खाली बसले. त्यांचं मुंडासं सुटलं होतं, ते त्यांनी बांधलं नाही.

घरी आल्यावर गिरिजा म्हणाली, "तुमचं खरं आसंन. पन इतकं बोलायचं न्हवतं. त्या मानसानं गुरुजीला पाठीवर घेतलं." आज जपाला बसलो, मन लागलं नाही. पण न्यायाची गोष्ट आहे.

४ नोव्हेंबर

पोलीस ठाण्यातून जमादार येऊन गेले. सर्जेरावांवर गुन्हा नोंदवायचा. गुरुजी तक्रार द्यायला तयार नाहीत, म्हणून माझा जबाब हवा. "तुम्हीच पहिल्यापासून सांगत होता ना? उद्या दहाला या, सही करा." येतो म्हणालो.

काल सर्जेरावांनी सोयाबीन उचललं. सगळा रस्ता झाडून काढलाय. आता झाडून काय उपयोग?

गिरिजानं दिवाळीची आवराआवर काढली आहे. म्हणते, "ब्रेक झाला ना बराबर? मंग माही तळी घेऊन या घरात. रांजन डुगडुगून राह्यला, त्याच्याखाली लावते." उद्या ठाण्यात जाण्याआधी काढून देतो म्हणालो.

५ नोव्हेंबर

तळी सीटखाली नाही. मागेही नाही. पाना आहे, जॅक आहे.

सर्जेरावांच्या बांधावर मिळाली. धारेला टायरचं काळं. खुंट्याचं अर्धं भोक.

ती शेजारच्या सीटवर ठेवली आहे. सर्जेराव वावरात होते, त्यांना हाक मारली. काही न विचारता येऊन मागे बसलेत. आता ठाण्यासमोर उभा आहे. गाडी सपाटीवर आहे. हातब्रेक ओढलेला आहे.